वडिलांना मी लावून दिलेला धंदा

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून अडलेल्या प्रकरणाकडे बघत बसले होते. त्यांचं बोलणं संपेपर्यंत दूध उतू गेलं. प्रकरण होतं तिथेच राहिलं. त्यांना लेख हवा होता, विषय ‘कादंबरीकार म्हणून तुमची जडणघडण’. मी म्हटलं, बाई, माझी घडण वगैरे काही झालेली नाही, माझं रिमोल्डिंग झालेलं आहे. त्या हसल्या नाहीत. रिमोल्डिंग म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं, त्यावर नक्षी पाडायची आणि टायर पुन्हा रस्त्यावर आणायचा. लांबून तो नवाच वाटतो. माझ्या मराठीचंही तसंच आहे.

जडणघडणीच्या लेखात लेखक मंडळी घरातल्या पुस्तकांच्या कपाटापासून सुरुवात करतात. आमच्या घरात छापील म्हणाल तर टायर कंपनीचं एक कॅलेंडर होतं. वाचनाचे संस्कार माझ्यावर झाले ते ट्रकच्या मागच्या फळीवरून. तिथलं शुद्धलेखन अजून माझ्या अंगात आहे, असं माझी मुद्रितं तपासणारे सांगतात.

माझे आईवडील केरळचे. वडील गोपालन, त्यांना मी अच्छन म्हणते. आई देवकी, ती अम्मा. जळगावहून धुळ्याकडे येताना, धुळं जवळ आलं की एक फाटा लागतो. तिथे भिकन आबांचं शेत रस्त्याला लागून होतं. त्या शेताच्या कोपऱ्यात, आबांच्या मेहेरबानीने, अच्छनांनी पत्र्याचं टायरचं दुकान टाकलं. पुढे दुकान, मागे आम्ही. हायवेला टायरचं दुकान दिसलं की आतून मल्याळी माणूस निघतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. असं का, हे मी अच्छनांना विचारलं होतं. ते म्हणाले, टायर सगळीकडे फुटतात म्हणून.

गावाने आम्हाला ‘मद्रासी’ ठरवून टाकलं. अम्माने हे मनावर घेतलं आणि मराठी शिकायचा चंग बांधला. शेजारच्या शेतात कापूस वेचायला येणाऱ्या बायांमध्ये जाऊन ती बसायची, त्यांच्याबरोबर वेचायची आणि बोलायची. वर्षभरात ती त्या बायांशी भांडू शकेल इतकी तयार झाली. मग तिने ती भाषा मला शिकवली. पुढे धुळ्याच्या शाळेत माझं नाव घातलं. पहिल्याच दिवशी उशीर झाला. बाईंनी कारण विचारलं. मी ठणठणीत आवाजात सांगितलं, “बाई, यष्टी उनीच नही.” वर्ग आडवा झाला. बाईंनी अम्माला बोलावून घेतलं आणि मुलीला मराठी अजिबात येत नाही, असं सांगितलं. अम्मा हादरली. मग इतके दिवस आपण बोललो ते काय होतं? बाई म्हणाल्या, ती अहिराणी.

घरी येऊन अम्मा म्हणाली की आपल्याला फसवलं. पण आता इलाज नव्हता, कारण घरातली भांडणं तोवर अहिराणीत व्हायला लागली होती. मल्याळममध्ये भांडलं की अच्छन जिंकायचे, हे त्यामागचं खरं कारण. शेवटी मल्याळम जेवणाखाण्यापुरती उरली, अहिराणी भांडणासाठी आणि गंभीर बोलण्यासाठी, आणि प्रमाण मराठी माझ्या शाळेसाठी. आज मी कादंबरी लिहायला बसते तेव्हा अजूनही शाळेचा गणवेश घातल्यासारखं वाटतं. समीक्षक याला संयत शैली म्हणतात.

आता दुकानाबद्दल सांगते, कारण माझं सगळं शिक्षण तिथलं. पंक्चर काढणं म्हणजे चाक उतरवायचं, टायर रिंगवरून सोडवायचा, आतली ट्यूब काढून तिच्यात हवा भरायची आणि पाण्याच्या टाकीत बुडवायची. बुडबुडे येतील तिथे भोक. तिथे कानस घासायची, सोल्युशन लावायचं, ठिगळ दाबायचं. बुडबुडे बघण्याचं काम माझ्याकडे होतं. पण खरं काम त्यानंतरचं. टायरच्या आतून हात फिरवून खिळा शोधायचा, पकडीने उपटायचा आणि तो ड्रायव्हरच्या तळहातावर ठेवायचा. ठेवायचाच. अच्छनांचा हा नियम होता.

कारण पंक्चरवाल्याकडे प्रत्येक गिऱ्हाईक एकाच नजरेने बघतं: हाच रस्त्यावर खिळे टाकत असणार. तोंडावर कोणी म्हणत नाही. फक्त हसत हसत विचारतात, “काय अण्णा, तुमच्या दुकानाजवळच कसं हो पंक्चर होतं?” गावातला माणूस असता तर त्याने आयमाय काढली असती. परका माणूस काय करणार? तो खिळा हातावर ठेवतो आणि म्हणतो, बघा, हा गंजलेला आहे, नवा नाही. आमच्याकडचे बहुतेक खिळे निघायचे ते बैलांच्या नालांचे. कापसाच्या हंगामात जिनिंगला गाड्यांची रीघ लागायची, बैलांचे नाल ढिले होऊन खिळे गळायचे. म्हणजे खिळे गावाचेच होते. पण हे अच्छन कधी बोलले नाहीत. ज्यांच्या जमिनीवर बसलोय त्यांच्या बैलांना नावं ठेवायची नाहीत, एवढी अक्कल त्यांना होती.

आणखी एक नियम होता. ड्रायव्हरला कुठून आला, कुठे चालला, गाडीत काय आहे, काही विचारायचं नाही. विचारलं की आपण साक्षीदार होतो, आणि परक्या गावात साक्षीदार होऊ नये. त्यामुळे तासन्‌तास खोळंबलेल्या माणसांसमोर मी तोंड बंद करून बसायचे आणि मनातल्या मनात त्यांची गावं, बायका, भांडणं रचायचे. ‘तुमच्या कादंबऱ्यांत माणसांचं सूक्ष्म निरीक्षण आहे’ असं कोणी म्हटलं की मी मान डोलावते. खरं तर मला विचारायला बंदी होती, एवढंच.

तर या संशयावर अच्छनांनी स्वतःच्या डोक्याने एक उपाय काढला. धुळ्यातल्या एका मांडववाल्याकडून त्यांनी फुटक्या लाउडस्पीकरचं मोठं लोहचुंबक आणलं, त्याला दोरी बांधली, आणि रोज पहाटे, गाड्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत, दुकानाच्या दोन्ही बाजूंना लांबपर्यंत ते रस्त्यावरून ओढत न्यायला सुरुवात केली. मी सोबत डबा घेऊन. चुंबकाला चिकटलेले खिळे, तारेचे तुकडे, पत्र्याच्या चिपा मी ओरबाडून डब्यात टाकायचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. रस्त्यावर खिळाच नसला तर आपल्यावर नाव येणार नाही. धंदा कमी झाला तरी चालेल, नाव नको.

अम्मा कपाळाला हात लावायची. तिला कळत होतं की हा उपाय फक्त परक्या माणसालाच सुचू शकतो.

एका पहाटे आम्ही असेच रस्त्यावर वाकलेले होतो. चहाच्या टपरीसमोर सावद्याचा केळीचा ट्रक उभा होता. पंक्चर. तेही पहिल्यांदा नव्हे, रात्रीत दुसऱ्यांदा. केळीचे मालक लीलाधर भाऊ स्वतः गाडीबरोबर निघालेले. मुंबईच्या बाजारात वेळेवर पोचले नाहीत तर माल काळा पडणार, त्यामुळे माणूस आधीच तापलेला. त्यांना काय दिसलं, ते तुम्हीच बघा. टायरवाला आणि त्याची पोर अंधारात रस्त्यावर वाकून काहीतरी करताहेत, आणि पोरीच्या हातात खिळ्यांनी भरलेला डबा आहे.

त्यांनी अच्छनांची गचांडी धरली. टपरीवरची माणसं धावली, गावातून आणखी आली, शेवटी भिकन आबांना उठवून आणलं. कोणी म्हणालं पोलिसात द्या, कोणी म्हणालं पत्रे उचकटा. सगळे आबांच्या तोंडाकडे बघायला लागले. जमीन त्यांची होती. त्यांनी नुसतं ‘ऊठ’ म्हटलं असतं तरी त्या दिवशी दुपारी आमचं बिऱ्हाड स्टेशनवर असतं, आणि पंक्चरवाल्याचं एकदा असं नाव झालं की पुढच्या हायवेवरही त्याला कोणी उभं करत नाही.

अच्छनांनी खरं सांगितलं. त्यांना मराठी फार येत नव्हती, पण तेवढी आली. ते म्हणाले, “मी साफ करतो. तुमच्यासाठी.”

लोक हसले. लीलाधर भाऊ म्हणाले, “स्वतःच्या पोटावर पाय देणारा माणूस पाह्यला का कोणी?” धावत आलेल्या अम्माने सप्तशृंगीपासून गुरुवायूरपर्यंत सगळ्या देवांच्या शपथा घेतल्या. त्या शपथांनी तर संशय आणखी पक्का झाला.

मग आबा माझ्यासमोर उकिडवे बसले. लेकरं खोटं बोलत नाहीत, असं त्यांचं मत होतं. त्यांना नातवंडं बरीच असूनही हे मत कसं टिकलं, देव जाणे. त्यांनी शांतपणे विचारलं, “पोरी, खरं सांग. तुन्हा बाप रस्तावर काय टाकस?”

“टाकत नही आबा, येचस.”

“काबरं?”

आता खरं उत्तर अच्छनांनी देऊन झालं होतं आणि ते कोणाला पटलेलं नव्हतं. मी सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. ही माणसं वाईट नव्हती. त्यांना फक्त कारण हवं होतं, आणि चांगुलपणा हे कारण त्यांना पुरत नव्हतं. गावातल्या माणसाचा चांगुलपणा एक वेळ पुरला असता, त्याचा बाप-आजा माहीत असतो. परक्याचा चांगुलपणा म्हणजे काहीतरी काळंबेरं. हे सगळं मला तेव्हा शब्दांत कळलं असं म्हटलं तर ते आत्मचरित्रातलं खोटं होईल. मला एवढंच कळलं की यांना पटेल असं काहीतरी द्यायला हवं.

मी म्हटलं, “भंगारमा इकाले.”

त्या क्षणी त्या गर्दीतून हवा गेली. मी हवा जाताना रोज बघायचे, मला ती ओळखू येते. लोभ आहे होय! मग ठीक. लीलाधर भाऊंनी अच्छनांची कॉलर सोडली आणि भंगाराला हल्ली काय भाव आहे, असं विचारलं. मला काय माहीत! पण आबांना जगातल्या प्रत्येक वस्तूचा भाव माहीत असायचा, त्यांनी परस्पर सांगून टाकला. वरून म्हणाले, मद्रासी माणूस हुशार असतो, आपल्या पायाखालचं लोखंड आपल्याला दिसलं नाही. माझं दोन शब्दांचं खोटं, बाकीची गोष्ट लोकांनी आपणहून पुरी केली. लीलाधर भाऊंचं पंक्चर अच्छनांनी काढलं, खिळा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला, आणि त्यांनी तो हसत हसत माझ्या डब्यात टाकला.

माझ्या धंद्याचं सगळं ज्ञान हे एवढंच आहे. कादंबरीकार काय करतो असं मला कॉलेजांतली मुलं विचारतात. तो खरं तेवढं घेतो आणि त्याला लोकांना पटेल असं कारण जोडतो. खऱ्याला स्वतःचं कारण असेलच असं नाही, आणि असलं तरी ते पटेल असं नाही. शिरपूरच्या एका गृहस्थांनी मला फोन करून सांगितलं की तुमच्या पहिल्या कादंबरीत घर सोडून जाणारी वहिनी आहे ती आमचीच, आता कुठे असते तेवढं सांगा. ती वहिनी मी पूर्णपणे मनातून रचलेली होती. ते ऐकायला तयार नाहीत. अधूनमधून अजून फोन करतात, पत्ता नको, निदान बरी आहे का एवढं तरी सांगा म्हणतात. आता मीच सांगते की बरी आहे. काय करणार?

उलट दुसऱ्या कादंबरीत मी पहाटे रस्त्यावरचे खिळे वेचणारा पंक्चरवाला जसाच्या तसा घातला. पुण्याचे माझे संपादक अतिशय सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, बाकी सगळं उत्तम आहे, पण हा माणूस असं का करेल? पटत नाही, जरा भाबडं वाटतं, काहीतरी कारण द्या. मी निमूटपणे तो भंगार विकतो असं लिहून दिलं. समीक्षकांनी त्याच पात्राला ‘अस्सल मातीतलं’ म्हटलं. मी आयुष्यात दोनदा त्याच माणसाचं तेच केलं, आणि दोन्ही वेळा माझं कौतुक झालं.

पण मूळ गोष्ट राहिली. त्या पहाटेनंतर अच्छन मला रागावले नाहीत. दुसऱ्याच दिवशी भिकन आबा नांगराचा मोडका फाळ घेऊन दुकानात आले, म्हणाले, घे, तू भंगार घेतोस ना! मग कोणी सायकलची रिंग आणली, कोणी गळकी बादली. अच्छन त्या ढिगाकडे बघत बसायचे. काही दिवसांनी ते धुळ्याला गेले आणि वजनकाटा घेऊन आले. पहाटेचं चुंबक चालूच होतं, फक्त आता लोक जाता-येता हाक मारून विचारायचे, आज किती निघालं. गावात त्यांना भंगारभाऊ नाव पडलं. आम्ही ‘मद्रासी’ होतो ते ‘आपल्या फाट्यावरचे भंगारवाले’ झालो. अम्माला हळदीकुंकवाला बोलावणी यायला लागली.

मला वाटायचं, वा, काय डोकं आहे आपलं! बाप आयुष्यभर ठिगळं लावत बसला असता, मी त्याला धंदा लावून दिला. हा किस्सा मी किती व्यासपीठांवर सांगितला असेल! साक्रीच्या वाचनालयात सांगितला तेव्हा तर टाळ्यांमुळे दोनदा थांबावं लागलं. आभार मानणाऱ्याने मला ‘मूळच्या कुठल्या हो तुम्ही’ असं विचारलं, तेवढाच काय तो विरस.

एक प्रसंग मात्र मी त्यात कधी घातला नाही. त्या वर्षी सुट्टीत आम्ही केरळात गेलो. तिथे अच्छनांचे थोरले भाऊ शाळामास्तर, घरात त्यांचा दरारा. तिकडे मला सगळे ‘मराठी कुट्टी’ म्हणायचे, कुट्टी म्हणजे पोर, आणि मी काय काय सांगते ते ऐकायला गोळा व्हायचे. गिऱ्हाईक दिसलं की माझी जीभ सुटते. मी भंगाराचं सगळं रंगवून सांगितलं. थोरल्या काकांचा हात ताटातच थांबला. त्यांनी अच्छनांना विचारलं की आपल्या घरातला माणूस रस्त्यावरचं भंगार उचलतो, हे खरं आहे का? तिथे सगळे मल्याळम समजणारे होते. अच्छनांना एका वाक्यात सांगता आलं असतं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, हो, खरं आहे. काका त्यानंतर त्यांच्याशी नीट बोलले नाहीत. काका गेल्याचं आम्हाला पत्राने कळलं, तेही उशिरा.

आता तो रस्ता चौपदरी झाला, टायर ट्यूबलेस झाले. पत्र्याचं दुकान गेलं, अम्मा गेली, आबा गेले. भंगाराचं गोडाऊन तेवढं राहिलं. आबांच्या नातवांनी ती जागा अच्छनांनाच दिली. माझं कॉलेज, माझी पहिली कादंबरी पडून होती ती वर्षं, सगळं त्या भंगारावर निघालं. अच्छन अजून रोज सकाळी जाऊन काट्याजवळ खाट टाकून बसतात.

हा लेख लिहायचा म्हणून मी मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे गेले. मराठी ते वाचत नाहीत, म्हणून काय लिहिणार आहे ते अहिराणीत सांगितलं. गंभीर बोलणं होतं. शेवटी, लेखाला जरा वजन यावं म्हणून, विचारलं की भंगारात फायदा आहे हे तुम्हाला नेमकं केव्हा ध्यानात आलं?

ते म्हणाले, “मले हाऊ धंदा कधीच आवडना नही.”

मी विचारलं, “मंग काबरं?”

त्यांनी सावकाश सांगितलं. दुसऱ्या दिवशी आबा फाळ घेऊन आले. तो परत केला असता तर सगळ्या गावाला कळलं असतं की गोपालनची पोर आबांच्या तोंडावर खोटं बोलली. आम्ही उद्या कुठेही गेलो असतो, पण तुला इथेच मोठं व्हायचं होतं, इथल्याच शाळेत, याच पोरींबरोबर. त्यात आपल्यात तू एकटीच होतीस जिला अहिराणीही आणि शाळेतली मराठीही बोलता येत होती. तुझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवला नसता, तर आपल्या तिघांचं इथे काय राहिलं असतं?

“तू सांगीसन मोकळी व्हयनी,” ते म्हणाले. “खरं मले करनं पडनं.”

मला रडू आलं. चार कादंबऱ्या लिहिलेली बाई भंगाराच्या ढिगाशेजारी पदर तोंडाला लावून उभी. इतकी वर्षं मी समजत होते की मी एक खोटं रचलं आणि ते खपलं. ते खपलं नव्हतं. एका माणसाने स्वतःचा आवडता धंदा बाजूला सारून, भावाशी अबोला पत्करून, उरलेलं सगळं आयुष्य ते खोटं राहू नये म्हणून घातलं होतं. आणि हे मला कळलं नाही, कारण मला विचारायची सवय नव्हती. मी रचून मोकळी होत होते.

मी म्हटलं, अच्छन, आता मी हे सगळं खरं खरं लिहिते. तुम्ही खिळे का वेचत होता, धंदा का केला, सगळं.

त्यांनी सरकून खाटेवर मला जागा करून दिली. मग काळजीने म्हणाले, “आते हाई छापाई जाई. मंग मले आखो काय काय करनं पडी, ते आधी सांगी ठेव.”